गांधार कोणी अडवलाय?

मानोऱ्यात पत्त्यांचं नाव चारचौघांत काढायचं नसतं. नाव निघालं की ऐकणाऱ्याला आधी पोळा आठवतो, मग नाल्याकाठचं झाड, आणि मग पेपरातली ती ठरावीक बातमी: जुगार अड्ड्यावर धाड, इतके जण ताब्यात, ५२ ताश पत्ते व रोख रकमेसह मुद्देमाल जप्त. कायदा १८८७ सालचा आहे आणि बातमीची भाषाही बहुधा तेव्हापासून बदललेली नाही. पोळ्याला बैल वेळेवर घरी येतात, पुरणपोळी खातात, गोठ्यात जाऊन बसतात. मालकाचा मात्र रात्री उशिरापर्यंत पत्ता नसतो.

पेटीचं याच्या अगदी उलट. देवघरातल्या वस्तूंच्या खालोखाल तिचा मान. आमच्याकडची पेटी एका भजनी मंडळातून निवृत्त होऊन आलेली आहे. तिच्यावर आजीच्या जुन्या लुगड्याची घडी असते आणि तिला शिवण्याआधी पोरांनी हात धुवावेत असा घरचा दंडक आहे. पेटी शिकवायला येणाऱ्या गुरुजींना हा दंडक कोणी सांगत नाही, कारण येताना त्यांच्या तोंडात खर्रा असतो आणि ते मान हलवण्यापलीकडे संभाषणात भाग घेऊ शकत नाहीत. शिकवायची वेळ झाली की ते आधी अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन येतात. ‘लावा सा’ हे वाक्य अंगणातून परत येतानाच सुरू होतं.

एरवी या दोन वस्तू एका घरात राहूनही एकमेकींचं तोंड पाहत नाहीत. मे महिना त्यांना एका खोलीत आणतो, कारण मे महिन्यात घरात राहण्यालायक खोली एकच असते, कूलरची. बाहेर पारा ४४ च्या आसपास, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, आणि आत सुटीला आलेली भाचरं. मामाच्या गावाला पोरं पूर्वी आंबे खायला यायची, आता आल्या आल्या चार्जिंगचं बटण शोधतात. तरी दुपारी लाइट जातेच, मोबाइल मान टाकतात, आणि मग कपाटावरचा पत्त्यांचा कॅट खाली येतो.

घरातला कॅट कधीच ५२ चा नसतो. आमच्याकडची किलवर नव्वी काही वर्षांपूर्वी कूलरच्या टाकीत पडून वारली. तिच्या जागी जोकरची नेमणूक झाली असून त्याच्या कपाळावर बॉलपेननं ‘कि. ९’ असं लिहिलेलं आहे. चौकट राणीचा कोपरा दुमडलेला, इस्पिक एक्क्याच्या पाठीवर चहाचा अर्धा गोल. पोरांना हे सगळं पाठ असतं. समोरच्यानं पानं पंख्यासारखी उघडली की निम्मा हात त्यांना मागून वाचता येतो.

आणि याच पोरांपैकी एक, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेला बसणारी माझी भाची, संध्याकाळी पुस्तकातला ‘ग’ शुद्ध वाजवते.

‘‘कोमल हाय नं तो बाई! खालची रेघ दिसून नाई राह्यली का?’’ गुरुजी.

‘‘दिसली नं गुरुजी. पण मले वाटलं छपाईत आली.’’

चहाच्या डागावरून एक्का ओळखणारी पोरगी स्वराखालची रेघ छापखान्याच्या नावावर ढकलते, याचं कारण डोळ्यांत नाही. एक्का ओळखला नाही तर डाव जातो. रेघ ओळखली नाही तर फक्त गुरुजी रागावतात. रागावणं हे गुरुजींचं कामच आहे, असं पोरांचं प्रामाणिक मत असतं.

इथं स्वरलेखनाचं थोडं सांगायला हवं, कारण घोळ तिथंच आहे. इंग्रजी पद्धतीत पाच रेघांच्या शिडीवर काळी-पांढरी टिंबं चढलेली असतात. पोराला ती वाचायची तर नवी लिपी शिकावीच लागते, सुटका नाही. आपले स्वर म्हणजे पहिलीच्या पुस्तकातलीच अक्षरं. त्यामुळे अक्षरओळख झालेलं कोणतंही पोर सरगम दुकानाची पाटी वाचावी तशी भराभर वाचतं आणि आपल्याला येतं असं समजून उठतं. खरा मामला अक्षराच्या आजूबाजूला असतो. खाली आडवी रेघ म्हणजे कोमल. मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ म्हणजे तीव्र. टिंब खाली तर मंद्र सप्तक, टिंब वर तर तार. डाव्या खांद्यावर बारीक अक्षर बसलं असेल तर तो कण, नुसता शिवून पुढं जायचं. आणि कंसातला एकटा ‘सा’ दिसला तर तो एकटा नसतो, रे सा नि सा असं अख्खं कुटुंब आत असतं. ही झाली विष्णु नारायण भातखंडे यांची पद्धत. माणूस पेशानं वकील, तेव्हा कंसात एवढं दडवून ठेवणं समजण्यासारखं आहे.

दुसरी पद्धत विष्णु दिगंबर पलुस्करांची. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि पोरांसाठी पुस्तकं छापली. त्यांच्याकडं टिंब वर असेल तर मंद्र, आणि डोक्यावर उभी रेघ असेल तर तार. म्हणजे ज्या म ला भातखंडे तीव्र म्हणतील त्याच म ला पलुस्कर वरच्या सप्तकात पाठवतील. दोघंही मराठी, दोघांचंही नाव विष्णु, दोघांच्याही वयात फक्त बारा वर्षांचं अंतर, दोघांनाही एकाच वेळी वाटलं की गाणं लिहून ठेवलं पाहिजे, आणि टिंब वर की खाली यावर एकमत नाही. मराठी माणसाच्या सार्वजनिक कार्याचा याहून स्वच्छ नमुना माझ्या पाहण्यात नाही. गंमत म्हणजे पुढच्या परीक्षांना पोरांना दोन्ही पद्धती लिहाव्या लागतात.

पलुस्करांचे डोळे लहानपणी फटाक्यानं अधू झाले होते. त्या माणसानं पोरांना स्वर वाचायला लावले. ‘दिसलं नाही’ ही सबब निदान त्यांच्या विद्यालयाच्या नावाच्या परीक्षेत चालू नये. हे मी भाचीला सांगितलं. तिनं विचारलं, ‘‘मामा, पत्ते वाटू का?’’

मग म्हटलं, वाटच. पण दुसरे.

बारा स्वर, तीन सप्तकं, एकूण ३६ पानं. पुठ्ठा कुठून आणायचा हा प्रश्न मराठी घरात पडत नाही. जुन्या लग्नपत्रिका असतातच. जाड, गुळगुळीत, आतली एक बाजू कोरी. पोरांनी कात्रीनं सारखे तुकडे पाडले, स्केचपेननं अक्षरं काढली, रेघा-टिंबं लाल शाईनं दिली. पहिल्याच डावात लक्षात आलं की पाठीवरची मजकुराची बाजू घातक आहे. अर्धा गणपती म्हणजे मंद्र पंचम. ‘चि. सौ. कां.’ म्हणजे कोमल धैवत. ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ एवढं दिसलं की सगळे ओरडायचे, तीव्र मध्यम त्याच्याकडं आहे! शेवटी सगळ्या पानांच्या पाठीला वह्यांना घालतात तो खाकी कागद चिकटवला. काकाचं लग्न झाकलं गेलं आणि पोरं पहिल्यांदा पुढची बाजू वाचायला लागली.

खेळ नवे शोधावे लागले नाहीत. बदाम सात हा खेळ ज्यानं काढला त्याला सप्तक ठाऊक असावं असा मला दाट संशय आहे. सत्ती मध्ये ठेवायची, वर अठ्ठी-नव्वी, खाली छक्की-पंजी. आमच्याकडं मध्य सा मध्ये. ज्याच्याकडं असेल त्यानं उतरायचं. वर रे, खाली मंद्र नि, आणि दोन्हीकडं टिंबं पाहून चालायचं. आधी थाट किंवा राग जाहीर करायचा. बिलावल म्हटलं तर सगळे शुद्ध स्वर, रेघेवाली पानं मेली, ती शेवटी हातात राहिली की अंगावर गुण. कल्याण म्हटलं की शुद्ध मध्यमवाला गप्प, तीव्रवाल्याची चांदी. भूप म्हटला की म आणि नि ज्यांच्याकडं आले ते आधीच कपाळावर हात मारून बसतात. वर्ज्य स्वर म्हणजे काय हे मला लहानपणी व्याख्येसकट पाठ होतं आणि तरी कळलेलं नव्हतं. नऊ वर्षांच्या भाच्याला ते एका डावात कळलं, कारण हातातली निम्मी पानं वर्ज्य निघाली आणि तो रडला.

त्यानं त्याचा सूडही घेतला. यमनच्या डावात मध्य ग त्याच्याकडं आला. रे पडला आणि हा म्हणतो, पास. दुसऱ्या फेरीला, पास. इकडं सगळ्यांच्या हातात म, प, ध, नि, वरचा सा, वरचा रे, सगळं अडून बसलेलं. ‘‘गांधार कोणी अडवलाय?’’ अशी हाकाटी सुरू झाली. स्वयंपाकघरातून त्याच्या आईनं आवाज दिला, ‘‘दे नं रे तो गांधार, काहून अडवून राह्यला!’’ यमनचा वादी स्वर गांधार, हे गुरुजी महिनाभर सांगत होते. त्या दुपारी ते सिद्ध झालं.

गुलामचोर मात्र वादात सापडला. या खेळात जोड्या लावून टाकायच्या असतात, आणि एकटा गुलाम ज्याच्या हातात उरतो तो चोर. आम्ही शुद्धची जोडी विकृताशी लावली: रे आणि कोमल रे, ग आणि कोमल ग, म आणि तीव्र म. सा आणि प यांना जोडीदारच नाही, ते अचल. म्हणून तिन्ही पंचम आणि दोन षड्ज बाजूला काढले, मध्य सा तेवढा एकटा ठेवला. ३१ पानं झाली. खेळ झकास चालला होता, इतक्यात गुरुजी आले. कूलरपुढं उभं राहून त्यांनी पाच मिनिटं पाहिलं, मग अंगणात जाऊन आले. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

‘‘ज्याच्या हाती सा राह्यला तो चोर?’’ त्यांनी विचारलं. ‘‘जलमभर लोक सा टिकवाले मेहनत करतात बाप्पा. अन् तुमच्या घरी त्याले चोर म्हंतात?’’

मुद्दा बिनतोड होता. नियम फिरवला: सा ज्याच्या हाती उरेल तो जिंकला. आता पोरं सा ओढून घ्यायला टपलेली असतात आणि आलेला सा लपवतात. गुरुजींच्या मते हे शास्त्राला धरून आहे.

गुरुजींचा पत्त्यांना विरोध होताच, पण त्यांचा खरा आक्षेप वेगळा होता आणि त्यात दम होता. पोरं पानं पटापट ओळखत होती, पण ओळखून ओरडत होती. कोमल गांधार आणि शुद्ध गांधार दोन्ही एकाच पट्टीत, आठवडी बाजारात भाव सांगतात त्या पट्टीत. शेजारच्या काकूंनी भिंतीवरून विचारलंच, ‘‘भरदुपारी पोट्टे काहून वरडून राह्यले वो भाऊ?’’

‘‘स्वर ओळखून राह्यले काकू.’’

‘‘पत्ते खेळून राह्यले म्हना नं सरळ!’’

तेव्हा नियम केला की पान टाकायचं तर तो स्वर गाऊन टाकायचा. पेटी पंच. इथं आपल्या संगीताची दुसरी गंमत पुढं आली. पियानो शिकणाऱ्या पोराच्या पत्त्यावरचं टिंब पियानोवरच्या एका ठरलेल्या पट्टीचं असतं, ते उद्या हलत नाही. आपला सा कुठंही असतो. भाची काळी पाचला सा धरते, धाकटा कुठंतरी त्याच्या वर, आणि थोरल्याचा आवाज सध्या फुटत असल्यामुळे त्याचा सा सकाळी एक असतो आणि दुपारी दुसरा. ‘‘मामा, माझा सा कोणता?’’ असं त्यानं विचारलं. मी गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींच्या तोंडात खर्रा होता.

शेवटी एका डावाला एकच पट्टी ठरवली, काळी दोन. ज्याला जमेल तो गाईल, ज्याला नाही तो खालच्या सप्तकात गुणगुणेल. भिकार-सावकार या नियमानं खेळायला घेतला तर तासभर पुरतो. घरातली मोठी माणसं पाणी प्यायच्या निमित्तानं येऊन बसतात आणि ‘बेसूर आहे, पान परत घे’ असा निकाल देतात. पाणी प्यायला आलेल्यांपैकी कोणालाही गाता येत नाही.

चॅलेंज हा खेळ आम्ही सोडून दिला. पानं पालथी टाकून ‘तीन निषाद’ असं खोटं सांगायचं आणि कोणी चॅलेंज केलं नाही तर पचवायचं, हे शिकवायला पत्त्यांची गरज नाही. दर गुरुवारच्या भजनात पेटीवाले बुवा ‘घ्या भैरवी’ म्हणतात आणि जे वाजवतात त्याला आजवर कोणी चॅलेंज केलेलं नाही.

मराठी माणसाचं खरं स्वरलेखन तसं वेगळंच आहे, आणि ते या दोन्ही विष्णूंच्या आधीपासून चालत आलंय. भजनाचं कुठलंही जुनं पुस्तक उघडा. गाण्याच्या वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ‘चाल’, आणि पुढं दुसऱ्या एखाद्या गाण्याची पहिली ओळ. झालं. ना रेघ, ना टिंब. नाटकांच्या पदांचीही तीच तऱ्हा. अडचण एवढीच की ते दुसरं गाणं यावं लागतं. ते येत नसेल तर त्याचं पुस्तक शोधा, तिथंही वर चाल दिलेली असते, तिसऱ्याच गाण्याची. या वाटेनं मागं मागं गेलं तर एखादी म्हातारी भेटते जिला मूळ चाल येते. म्हातारी गेली की पुस्तकं राहतात.

कागदाशिवाय गाणं टिकतं हे पाहायला लांब जायला नको. आमच्याच तालुक्यात पोहरादेवी आहे. रामनवमीला तिथं देशभरातून बंजारा समाज लोटतो. होळीला तांड्यांवर लेंगी गीतं म्हणतात. डफाच्या तालावर रिंगण धरून रात्र रात्र चालतं, कोणाच्या हातात कागद नसतो, आणि कोमल-शुद्धची चूक कोणी करत नाही. तेव्हा ‘वाचून कुठं गाणं येतं का?’ हा प्रश्न इथं कोणी विचारला तर तो निरुत्तर करतो. भातखंड्यांनाही लोकांनी हेच विचारलं होतं. उस्तादांनी पेटाऱ्यात दडवलेल्या चिजा त्यांनी गावोगाव हिंडून, ऐकून, लिहून काढल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’त छापल्या, तर वाचून का कुठं कोणी गवई होतो, म्हणून नाकं मुरडली गेली. आक्षेप खराच होता. पण रिंगणातल्या पोराला बापाच्या शेजारी उभं राहून दर होळीला रात्रभर ऐकायला मिळतं. माझ्या भाचीला तिच्या गावी, दिग्रसला, आठवड्यातून एक तास मिळतो, त्यातली वीस मिनिटं पेटी कपाटातून काढण्यात जातात. तिला कागद लागणार.

खेळातून स्वर शिकवण्याची कल्पना मला सुचली असं सांगण्याची सोय नाही. एडिंबरोच्या ॲन यंग नावाच्या बाईनं १८०१ सालीच असल्या खेळाचं पेटंट घेतलं होतं. उघडलं की दोन पट होणारं खोकं, त्यात सोंगट्या आणि फासे, सगळं स्वर वाचायला शिकवण्यासाठी. आणि आपल्याकडं सावंतवाडीला दशावतारी गंजिफा आहे. गोल, रंगवलेली पानं. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा, म्हणजे बारा पानं, एकूण १२०. खेळता खेळता पोरांना अवतार पाठ. दिवसा डाव सुरू करायचा मान रामाच्या पानाला, रात्री कृष्णाच्या. आपल्या रागांनाही वेळा असतातच.

पुढचा हिशेब मी रात्री गच्चीवर केला आणि उठून बसलो. भातखंड्यांचे थाट दहा. सप्तकातले स्वर बारा. त्यांतले सा आणि प अचल, म्हणजे राजा आणि प्रधान. उरले रे, ग, म, ध, नि, प्रत्येकाची दोन रूपं, म्हणजे बरोबर दहा पानं. १२० पानांचा अख्खा कॅट जुळला! सकाळी गुरुजी यायची वाट पाहत दारात उभा राहिलो. त्यांनी शांतपणे ऐकलं, अंगणात जाऊन आले आणि म्हणाले, ‘‘थाटात स्वर सातच लागतात. बाकी पाच पानं कायले?’’

वाशीमला परीक्षा होईल तेव्हा होईल. आजची स्थिती अशी की तिन्ही पोरांना भातखंडे पद्धतीतलं कुठलंही पान उलटताक्षणी वाचता येतं. गळ्यातून ते तसंच निघतं असं नाही. ते काम पत्त्यांचं नाही, त्याला रियाज लागतो आणि त्यासाठी मे महिन्यात लवकर उठावं लागतं, जे कोणी उठत नाही. तालाची पानं अजून झालेली नाहीत. समेला फुली आणि खालीला शून्य, एवढ्यावर गाडी आहे. पलुस्कर पद्धतीची ३६ पानं करायची आहेत. ती झाली की दोन्ही कॅट एकत्र पिसून खेळायचं असा थोरल्याचा बेत आहे. त्या डावात काय होईल ते मी आत्ताच सांगू शकत नाही, पण काकूंना आधी कल्पना देऊन ठेवणार आहे.

अडलंय ते पुठ्ठ्यासाठी. हल्ली पत्रिका मोबाइलवर येतात आणि त्यांची पाठ कोरी असली तरी कापता येत नाही. तेव्हा मंडळी, यंदाच्या लग्नसराईतल्या छापील पत्रिका रद्दीत देऊ नका, आमच्यासाठी ठेवा. जाड असाव्यात, एक बाजू कोरी असावी. चमकी लावलेल्या मात्र नकोत. ती बोटांना लागते, बोटांवरून पेटीवर जाते, आणि मग पत्ते खेळून हात न धुता पेटीला कोण शिवलं ते घरात सगळ्यांना कळतं.